कागदाचा घन आणि जास्तीचे ९० अंश

घनाला सहा पृष्ठं, बारा कडा आणि आठ शिरोबिंदू असतात, हे शाळेत सगळ्यांचं पाठ झालेलं असतं. तरीही हातात कात्री आणि घोटीव कागद देऊन ‘याचा घन कर’ म्हटलं, की भली मोठी माणसंही अडतात. यात हस्तकलेचा दोष फारसा नसतो. अडवणूक कागदच करतो. कागद वळतो, दुमडतो, चुरगळतो, पण ताणला जात नाही. अशा कागदाला कोपरा द्यायचा, तर त्यातला थोडा कागद कुठेतरी नाहीसा करावा लागतो. किती, ते अगदी नेमकं सांगता येतं.

कागदावर मधोमध एक ठिपका द्या. त्याच्याभोवती पूर्ण ३६० अंशांचा कागद आहे. घनाच्या शिरोबिंदूपाशी मात्र तीनच चौरस एकत्र येतात, प्रत्येकाचा कोन ९० अंश, म्हणजे एकूण २७०. उरलेल्या ९० अंशांना तिथे जागाच नाही. चौरस कागदाला उभी-आडवी घडी घालून चार समान चौरस पाडा. बाजूच्या मध्यापासून केंद्रापर्यंत एका घडीवर कात्री चालवा आणि कापलेल्या रेघेच्या एका बाजूचा चौरस दुसऱ्या बाजूच्या चौरसावर पूर्ण सरकवा. कागद आपोआप उभा राहतो आणि मधल्या ठिपक्याचा घनाचा कोपरा होतो. एका चौरसाला दुसऱ्याखाली दडवलंत, तेच हे जास्तीचे ९० अंश.

आठ शिरोबिंदू, प्रत्येकी ९०, म्हणजे ७२० अंश. गंमत अशी, की हा आकडा एकट्या घनाचा नाही. चार समभुज त्रिकोणांच्या सूचीला चारच शिरोबिंदू असतात, पण प्रत्येकापाशी १८० अंश कमी पडतात. बेरीज पुन्हा ७२०. खाच-खळगे, भोकं नसलेली, सपाट पृष्ठांची कुठलीही बंद आकृती घ्या, बेरीज हीच येते. फ्रेंच तत्त्वज्ञ आणि गणिती रने देकार्त याने सतराव्या शतकातच हे लिहून ठेवलं होतं.

तेव्हा कागदाचा घन करणं म्हणजे या ७२० अंशांची विल्हेवाट लावणं. ते कापून टाकता येतात, दुमडून लपवता येतात, किंवा मुळात उद्भवूच नयेत अशी सोय करता येते.

कापून टाकण्याची रीत सर्वांच्या परिचयाची आहे. पाठ्यपुस्तकात तिला घडणी म्हणतात: सहा चौरसांचा तो क्रॉस, जो दुमडला की घन होतो. शिष्यवृत्तीच्या बुद्धिमत्ता चाचणीत ‘खालीलपैकी कोणत्या आकृतीपासून घन तयार होणार नाही?’ हा प्रश्न ठरलेला. क्लासमध्ये त्यासाठी मुलांकडून आकृत्या पाठ करून घेतात, ते मला पटत नाही. पाठ करण्यासारखं तिथे फार थोडं आहे.

पुठ्ठ्याचा बंद घन सपाट उलगडायचा, तर किती कडा कापाव्या लागतील? उलगडल्यावर सहा चौरस एकमेकांना जोडलेले राहिले पाहिजेत. सहा गोष्टी एका साखळीत धरून ठेवायला पाच जोड लागतात. चार असतील तर तुकडा सुटून पडेल, सहा असतील तर कुठेतरी चौरसांचं बंद कडं होईल आणि ते सपाट बसणार नाही. म्हणजे बारापैकी पाच कडा राहतात, सात कापल्या जातात. घडणी कुठलीही असो, सातच.

सहा चौरस कडेला कडा लावून मांडण्याचे एकूण ३५ प्रकार आहेत (फिरवून किंवा उलटवून सारखे दिसतात ते एकच धरून). त्यांतल्या ११ प्रकारांचाच घन होतो. या अकरांत सहा असे, की चार चौरस एका रांगेत आणि उरलेले दोन त्या रांगेच्या दोन बाजूंना एकेक. तिघांत सर्वांत लांब रांग तीन चौरसांची, तिच्या एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला एक. एकात दोन-दोन-दोन असा जिना आणि एकात तीन-तीनच्या दोन सरकलेल्या रांगा. झाले अकरा.

बाद झालेल्या चोवीसांपैकी पुष्कळ आकृत्या एका नजरेत ओळखता येतात. आकृतीत कुठेही दोन बाय दोनचा ठोकळा, म्हणजे एका बिंदूभोवती चार चौरस दिसले, की ती आकृती बाद. चार चौरस म्हणजे ३६० अंश, आणि जास्तीचे ९० अंश तिथे अजून तसेच पडून आहेत. पाच चौरस एका रांगेत आले तरी बाद, कारण पाचवा फिरून पहिल्यावरच येऊन बसतो. समोरासमोरची पृष्ठं शोधायची तर सरळ रांगेत एक सोडून एक बघावं. फाशाच्या प्रश्नांत हीच नजर उपयोगी पडते. नेहमीच्या फाशावर समोरासमोरच्या ठिपक्यांची बेरीज सात असते, पण परीक्षेतल्या फाशावर ती असेलच असं गृहीत धरू नये. प्रश्न काढणारे मुद्दाम फिरवून ठेवतात.

कात्री बाजूला ठेवली, की प्रश्न जास्त रंगतो. १५ सेंटिमीटर बाजूचा चौरस कागद घ्या. तो न कापता, न फाडता त्याने जास्तीत जास्त केवढा घन पूर्ण झाकता येईल? क्रॉसची घडणी कागदाच्या कडांना समांतर काढली, तर एका दिशेला चार चौरस मावायला हवेत. १५ भागिले ४, म्हणजे पावणेचार सेंटिमीटरची कड. कापण्याची मुभा नसेल तर घन याहून लहानच होणार, असं वाटतं. प्रत्यक्षात तो ५.३ सेंटिमीटरचा होतो.

युक्ती कागद तिरका धरण्यात आहे. वाढदिवसाची चौकोनी भेट कागदात गुंडाळताना आपण खोका कागदाच्या कडांना समांतर ठेवतो आणि एका बाजूला कागद तोकडा पडतो. तोच खोका ४५ अंशांत फिरवून मधोमध ठेवला, की कागदाची चार टोकं खोक्याच्या चार बाजूंवरून वर येतात आणि माथ्यावर बरोबर मध्यभागी भेटतात, लिफाफ्याच्या चार पाकळ्यांसारखी. हिशोब सरळ आहे. कागदाच्या केंद्रापासून टोकापर्यंतचं अंतर म्हणजे अर्धा कर्ण. त्यात तळाची अर्धी कड, बाजूची पूर्ण कड आणि माथ्याची अर्धी कड, अशा एकूण दोन कडा बसायला हव्यात. म्हणून पूर्ण कर्ण चार कडांएवढा. १५ सेंटिमीटरच्या कागदाचा कर्ण २१.२, त्याला चाराने भागलं की ५.३.

मग ते ७२० अंश कुठे गेले? माथ्याच्या चार कोपऱ्यांपाशी कागदाच्या चार कडा येऊन टेकतात, त्यामुळे तिथे जास्तीचा कागदच नाही. तळाच्या चार कोपऱ्यांपाशी मात्र प्रत्येकी एक काटकोन त्रिकोण शिल्लक राहतो. त्याची चिमटीत धरून घडी घालायची आणि बाजूला चापून बसवायची. हा त्रिकोण म्हणजे एका पृष्ठाचा बरोबर अर्धा भाग. चार त्रिकोणांची दोन पृष्ठं, घनाची सहा, एकूण आठ. कागदाचा एक-चतुर्थांश लपतो, तीन-चतुर्थांश दिसतो, आणि एक कपटाही अधिकउणा राहत नाही.

एवढा काटेकोर हिशोब जुळला की शंका येते: यापेक्षा हुशार घडी घालून आणखी मोठा घन झाकता येईल का? नाही येत, आणि का येत नाही हे समजायला अवघड गणित लागत नाही. हे उत्तर २००१ साली अमेरिकेतल्या एका गणिताच्या मासिकात छापून आलं. कोडं भेटवस्तू गुंडाळण्याचंच होतं. घनावरचा कोणताही बिंदू घ्या आणि त्याच्या बरोब्बर विरुद्ध बाजूचा बिंदू घ्या. मुंगी पृष्ठावरून चालत एका बिंदूपासून दुसऱ्यापर्यंत गेली, तर तिला किमान दोन कडांएवढं अंतर तोडावंच लागतं. पृष्ठाच्या मध्यापासून समोरच्या पृष्ठाच्या मध्यापर्यंत बरोबर दोन, कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत सव्वादोनच्या जवळपास. दोनच्या खाली कधीच नाही. आता कागदाचं केंद्र घनावर जिथे येईल, त्याच्या विरुद्ध बिंदूवरही कागदाचा कुठलातरी ठिपका यायलाच हवा. केंद्रापासून सर्वांत लांबचा ठिपका म्हणजे टोक, आणि ते अर्ध्या कर्णावर आहे. घडी घातल्याने कागदावरचे ठिपके जवळ येतील, लांब कधीच जाणार नाहीत. तेव्हा अर्धा कर्ण दोन कडांपेक्षा कमी असून चालणारच नाही. संपला प्रश्न. न ताणण्याचा कागदाचा हट्टच इथे सिद्धतेच्या कामी येतो. या विषयातली माझी सर्वांत आवडती सिद्धता हीच.

कागदाचा घन म्हटलं की ओरिगामीची आवड असलेल्यांना यातलं काहीच आधी आठवत नाही, त्यांना आठवतो सोनोबे. जपानच्या मित्सुनोबु सोनोबे यांच्या नावाने ओळखला जाणारा हा तुकडा १९६० च्या दशकातला. सहा चौरस कागदांचे सहा एकसारखे तुकडे करायचे आणि गोंदाशिवाय एकमेकांत अडकवायचे. घडी अशी: चौरसाला मधोमध उभी घडी घालून उघडा. डावी आणि उजवी कड मधल्या रेषेपर्यंत आणून दुमडा, पुन्हा उघडा. आता समोरासमोरचे दोन कोपरे, समजा वरचा डावा आणि खालचा उजवा, जवळच्या घडीपर्यंत दुमडून छोटे त्रिकोण करा. दोन्ही कडा परत मिटा, उभा आयत दिसेल. त्याचा वरचा उजवा कोपरा तिरका खाली आणून डाव्या कडेला लावा आणि डाव्या पाळीच्या आत सरकवा. खालच्या डाव्या कोपऱ्याचं तसंच, उलट दिशेने. समांतरभुज चौकोन तयार होतो. तो पालथा करून दोन्ही टोकदार कोपरे आत दुमडले, की मध्ये एक चौरस राहतो. हे घनाचं पृष्ठ. दुमडलेली दोन टोकं म्हणजे जिभा. मघाशी कोपरे खोचले त्या बाजूला दोन खिसे आहेत.

सहा तुकडे, प्रत्येकी दोन जिभा, म्हणजे बारा जिभा. घनाच्या कडाही बाराच. प्रत्येक जीभ एका कडेवरून वळून शेजारच्या खिशात शिरते. प्रत्येक कोपऱ्यात मुळात तीन वेगवेगळे तुकडे भेटतात, त्यामुळे ९० अंश लपवण्याचा प्रसंगच येत नाही.

वर्गात हमखास होणारा घोटाळा असा, की अर्धी मुलं पहिले दोन कोपरे डावीकडून धरतात आणि अर्धी उजवीकडून. मग दोन मुलांचे तुकडे आरशातल्यासारखे उलटे होतात. दिसायला अगदी सारखे, पण एकमेकांत काही केल्या अडकत नाहीत. दोष जोडणीत शोधत बसण्यापेक्षा सहाही तुकडे टेबलावर एकाच दिशेने मांडून बघावेत. एखादा तुकडा विरुद्ध बाजूला कललेला असेल, तो लगेच दिसतो.

आता मोजपट्टी लावा. १५ सेंटिमीटरच्या सहा कागदांतून होणाऱ्या सोनोबे घनाची कड भरते ५.३ सेंटिमीटर! एका कागदाने झाकता येणारा मोठ्यात मोठा घन तेवढाच होता. सहा कागद वापरून आकार तसूभरही वाढला नाही. वाढली ती जाडी: एका पृष्ठाचं क्षेत्रफळ कागदाच्या क्षेत्रफळाच्या एक-अष्टमांश आहे, म्हणजे सोनोबे घनाच्या अंगावर सरासरी आठ थर बसलेले असतात. म्हणून तो हातातून पडला तरी सहसा सुटत नाही, आणि आपला गुंडाळलेला घन मात्र बोट काढलं की उमलतो. याच तुकड्यांचे बारा घेतले तर आठ टोकांची चांदणी होते, तीस घेतले तर वीस टोकांचा गोळा.

घडी घालायला कागद चौरसच हवा असंही नाही. जुनी व्हिजिटिंग कार्डं किंवा लग्नपत्रिकांच्या जाड कागदाच्या कापलेल्या पट्ट्या चालतात. दोन कार्डं एकमेकांवर आडवी-उभी मधोमध ठेवून प्रत्येकाची बाहेर आलेली टोकं दुसऱ्यावर दुमडायची. अशी सहा कार्डं, दुमडलेल्या पाळ्या बाहेर ठेवून एकमेकांना धरून उभी केली, की घन. बाहेरच्या पाळ्या एकमेकांत अडकवून एका घनाला दुसरा घन जोडता येतो. अमेरिकेच्या जीनीन मोझ्ली यांनी २००५ साली एवढ्याच तंत्रावर ६६,०४८ कार्डांचा मेंगरचा स्पंज पूर्ण केला.

हा स्पंज समजायला रंगवलेल्या घनाचं जुनं कोडं पुरतं. लाकडी घन बाहेरून रंगवला आणि तीन बाय तीन बाय तीन असे २७ तुकडे केले, तर कोणत्या तुकड्याला किती रंग? आठ कोपऱ्यांच्या तुकड्यांना तीन पृष्ठांवर रंग, कडांच्या मधल्या बारांना दोन, पृष्ठांच्या मधल्या सहांना एक आणि गाभ्यातल्या एकाला अजिबात नाही. (याच घनाचं दुसरं कोडं: तुकडे हवे तसे रचून घेतले तरी २७ तुकड्यांसाठी सहापेक्षा कमी काप पुरतील का? नाही. गाभ्यातल्या तुकड्याची सहाही पृष्ठं नवी कापावी लागतात आणि एका कापात एकच मिळतं.) आता एक रंगाचे सहा आणि बिनरंगाचा एक, असे सात तुकडे काढून टाका. २० उरले. त्या प्रत्येकातून पुन्हा तसेच सात काढा, मग ४००. पुन्हा एकदा, मग ८,०००. ऑस्ट्रियाचे गणिती कार्ल मेंगर यांनी १९२६ मध्ये मांडलेली कल्पना हे अखंड चालू ठेवण्याची होती. कार्डांना तिसऱ्या पायरीवर थांबावं लागतं. ८,००० घनांना ४८,००० कार्डं लागली आणि उघड्या दिसणाऱ्या प्रत्येक पृष्ठावर गुळगुळीत आवरण म्हणून एक, अशी १८,०४८. बेरीज करून पाहा.

इथपर्यंत कागद भूमितीच्या नियमांत राहून चालत होता. एका ठिकाणी तो पट्टी आणि कंपासच्या पुढे जातो. ग्रीक दंतकथेनुसार डेलॉस बेटावर साथ आली तेव्हा देववाणी झाली, की अपोलोची घनाकृती वेदी दुप्पट करा. कड दुप्पट केली तर घनफळ आठपट होतं. घनफळ दुप्पट हवं, तर कड २ च्या घनमुळाने, म्हणजे सुमारे १.२६ पटीने वाढवावी लागते. पट्टी-कंपासने ही लांबी काढण्यात लोकांनी दोन हजार वर्षं घालवली. शेवटी १८३७ मध्ये फ्रान्सच्या प्येर वांत्झेल यांनी ते अशक्य असल्याचं सिद्ध केलं. कंपास आणि पट्टीने काढलेल्या रेषा-वर्तुळांच्या छेदांतून वर्गमूळं निघतात, घनमूळ निघत नाही.

कागद दुमडून भूमिती करता येते, हे आपल्याकडे मद्रासच्या टी. सुंदर राव यांनी १८९३ मध्ये अख्खं पुस्तक लिहून दाखवलं. त्याची दखल जर्मनीचे फेलिक्स क्लाइन यांनी घेतली आणि ते युरोपात पोहोचलं. पण घनमुळाची किल्ली सापडली ती इटलीच्या मार्गेरिता बेलोख यांना, १९३६ मध्ये. एकाच घडीत दोन वेगवेगळे बिंदू दोन वेगवेगळ्या रेषांवर नेऊन बसवले, तर त्या घडीतून घन समीकरण सुटतं. कंपासला हे जमत नाही, कारण त्याला एका वेळी एकच टोक सांभाळता येतं.

याची सर्वांत सुटसुटीत रीत पीटर मेसर यांनी १९८६ मध्ये दिली. आधी कागदाचे तीन समान भाग हवेत. तेही मोजपट्टीविना होतात: खालचा उजवा कोपरा डाव्या कडेच्या मध्यावर आणा. उजवी कड आता तिरकी होऊन वरच्या कडेला जिथे छेदते, तो बिंदू वरच्या कडेवर डावीकडून बरोबर दोन-तृतीयांशावर असतो. ही जपानचे काझुओ हागा यांची घडी. पेशाने ते जीवशास्त्रज्ञ. त्या बिंदूतून एक उभी घडी घाला, मग डावी कड त्या घडीवर आणून दुसरी. तीन समान पट्टे झाले.

कागद फिरवून पट्टे आडवे करा. उजव्या कडेवर खालची घडी जिथे संपते, तिथे पेन्सिलीने ठिपका द्या. आता खालचा उजवा कोपरा डाव्या कडेवर आणायचा, आणि त्याच वेळी हा ठिपका वरच्या आडव्या घडीवर आला पाहिजे. कोपरा डाव्या कडेवर वर-खाली सरकवत राहा, ठिपका घडीला टेकला की थांबा आणि मग चुणी दाबा. कोपऱ्याने डाव्या कडेचे दोन भाग केले. वरचा भाग खालच्याच्या १.२६ पट आहे, आणि हे अंदाजे नव्हे, २ चं घनमूळ नेमकं.

१५ सेंटिमीटरच्या कागदावर हे भाग ६.६४ आणि ८.३६ सेंटिमीटर येतात. त्या कडांच्या दोन उघड्या डब्या जाड कागदाच्या करा. लहानीत सुमारे २९२ घन सेंटिमीटर मावतं, मोठीत ५८५. लहानी रव्याने काठोकाठ भरून दोनदा मोठीत ओतली की ती भरायला हवी. भरली नाही किंवा सांडली, तर चूक बहुधा त्या शेवटच्या घडीत असते. कोपरा नुसता एक मिलिमीटर वर थांबला, तरी मोठी डबी लहानीच्या दुप्पट न होता १.८५ पटीच्या आसपास राहते. म्हणून ठिपका टोकदार पेन्सिलीने द्यावा आणि चुणी नखाने दाबण्याआधी कागद उजेडासमोर धरून तो घडीवर बसलाय ना, हे पाहून घ्यावं.